जुळ्या मुलींची नावं: एक रात्रीची, एक पहाटेची?

दोन_पाळणे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नऊ दिवसांपूर्वी आम्हाला जुळ्या मुली झाल्या. ३४ आठवड्यांच्या, म्हणून अजून काचेच्या पेटीत आहेत. तब्येत चांगली आहे, वजन रोज थोडं थोडं वाढतंय. थोरली रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी आली आणि धाकटी १२ वाजून ७ मिनिटांनी. अंतर १५ मिनिटांचं, पण जन्मतारखा दोन.

पेट्यांवर चिकटवलेल्या कागदांवर ‘बाळ १’ आणि ‘बाळ २’ असं लिहिलंय. तो आकडा दिसला की मला कसंतरी होतं. त्या जागी लवकरात लवकर नावं लिहायची आहेत, पण घाईघाईत काहीतरी उरकायचं नाही. अर्थ असलेली नावं हवीत, आणि तो अर्थ त्यांना मोठेपणी सांगता यायला हवा.

घरातून आलेल्या जोड्या: रिया–सिया, ऋद्धी–सिद्धी, राधा–धारा. आणि दोन तारखांमुळे निशा–उषा. मला यातली शेवटची आवडते, पण काहीतरी खुपतंय. काय ते नेमकं सांगता येत नाही. तुम्ही काय केलंत? काय करायला हवं होतं असं आता वाटतं?

ओवी

खूप खूप अभिनंदन! दोघींना आणि तुम्हालाही जपा.

मी यमकाच्या बाजूने. आमच्या मुलांची नावं एकमेकांशी जुळणारी आहेत, आता ती तेरा वर्षांची झाली आणि मला एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. दोन नावं एका दमात तोंडातून निघतात, एखाद्या ओळीचे दोन चरण असावेत तशी. नऊ महिने दोघं एकत्र होते, त्याची खूण नावात राहिली तर काय बिघडलं? जुळं असणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शब्दवेडी

ओवी, तुमच्या ‘यमक’ शब्दावरूनच सुरुवात करते. यमक हा शब्द ‘यम’ म्हणजे ‘जुळा’ यावरून आलाय. ओळींच्या शेवटी सारखी अक्षरं येतात ती जुळी भावंडं, असं आपल्या काव्यशास्त्राने मानलं. तेव्हा जुळ्यांना यमकातली नावं द्यावीशी वाटणं ही आजची हौस नाही, ते भाषेच्या मुळातच आहे.

मृत्यूचा देव यम, त्याच्या नावाचा मूळ अर्थसुद्धा जुळा. बहीण यमी, म्हणजे जुळी. तिकडे लांब, थॉमस या नावाचा अरमाईक भाषेतला अर्थही जुळाच. म्हणजे काही जुळ्यांना ‘तू जुळा आहेस’ यापलीकडे नावच मिळालं नाही!

कृप आणि कृपी ही महाभारतातली जुळी. शंतनूने कृपेने वाढवली म्हणून एकच शब्द दोघांत वाटला. अश्विनीकुमारांची गोष्ट याहून विलक्षण. नासत्य आणि दस्र ही त्यांची नावं आपण आज वेगवेगळी सांगतो, पण ऋग्वेदात ‘नासत्य’ हा शब्द जवळजवळ सगळीकडे द्विवचनात येतो, दोघांना मिळून. स्वतंत्र नावं नंतर वाटून दिली गेली. आणि गंमत म्हणजे यम-यमी आणि अश्विनीकुमार या दोन्ही जुळ्यांची आई पुराणांत संज्ञा. संज्ञा म्हणजे जाणीव, आणि संज्ञा म्हणजे नावसुद्धा.

पण उलट उदाहरणही आहे, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. लक्ष्मण आणि शत्रुघ्न, सुमित्रेचे जुळे. नावांत ना यमक, ना अर्थाचं साम्य. आयुष्यंही वेगळ्या वाटेने गेली: एक रामाची सावली झाला, दुसरा भरताची. ते जुळे आहेत हे कित्येकांच्या लक्षातही नसतं. नकुल आणि सहदेव तर त्याहून लांबची नावं, एकाच्या नावाचा अर्थ मुंगूस आणि दुसऱ्याचा देवांसह असलेला.

जुळ्यातली_एक

मी लिहू की नको असा विचार करत होते. मी स्वतः जुळ्यातली आहे, वय ४१. आम्हा बहिणींच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. नावं इथे सांगत नाही.

लहानपणी मजा यायची, हे खरं. गाण्यासारखी नावं होती, सगळे कौतुक करायचे. पण आम्ही दोघी दोन्ही नावांना ‘ओ’ द्यायला शिकलो. कोणी तिच्या नावाने हाक मारली तरी मी वळायचे, कारण दहातल्या पाच वेळा त्यांना मीच हवी असायचे. हे इतकं अंगात भिनलं की आजही रस्त्यात कोणी तिचं नाव घेतलं तर माझी मान वळते. शाळेत एकदा तिचे गुण माझ्या पत्रकावर आले. एकदा माझी औषधाची चिठ्ठी तिच्या नावाने निघाली, आईच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

त्याहून खोल गेलेली गोष्ट वेगळीच आहे. वीस वर्षांची असताना मी शिकायला दुसऱ्या गावी गेले, एकटी. तिथे कोणाला माहीत नव्हतं की मी जुळी आहे. मी नाव सांगितलं आणि पहिल्याच आठवड्यात एक मुलगी म्हणाली, “हे नाव जोडीतलं वाटतं, दुसरी कोण?” तिने सहज विचारलं. मी त्या रात्री फार रडले. मला वाटलं होतं, इथे तरी मी पूर्ण असेन.

दोन_पाळणे ताई, मुली आज एका खोलीत आहेत, शेजारशेजारच्या पेट्यांत. पण आयुष्यातला जास्त काळ त्या अशा खोल्यांत काढतील जिथे दुसरी नसेल. नाव त्या खोलीत उच्चारून बघा. एकटं.

ओवी

तुमचं वाचून गप्प झाले. मुलांना आज संध्याकाळी विचारेन, त्यांना काय वाटतं ते. मी कधी विचारलंच नव्हतं.

कोजागर

आमची जुळी नऊ वर्षांची, मुलगा आणि मुलगी. अर्थाबद्दल जाणकार बोलतीलच, मी कानाबद्दल सांगतो, कारण नाव आधी ऐकू येतं आणि मग कळतं.

लांबून हाक मारली की व्यंजनं वाटेत गळून पडतात, पोचतात ते स्वर. रिया आणि सिया लांबून एकच: ‘इया’. ऋद्धीला ‘रिद्धी’ म्हटलं की ऋद्धी–सिद्धीचंही तेच. त्याउलट सई आणि मुक्ता, किंवा ओजस आणि मीरा, कितीही लांबून म्हणा, घोटाळा नाही. आम्ही प्रत्येक जोडी एकाने बंद दाराआड राहून आणि दुसऱ्याने ओरडून तपासली. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. अनिल आणि अनल ही जोडी मला अर्थाने फार आवडली होती, वारा आणि अग्नी, मध्ये फक्त एका वेलांटीचा फरक. दाराआडून पहिल्याच हाकेत बाद.

दुसरं, आद्याक्षर. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, एरवी जन्मतारीखही एकच असते. त्यात पहिलं अक्षरही एक असलं की आद्याक्षरांनी लिहिलेल्या कुठल्याही यादीत ही दोन माणसं एकच होतात. तेवढं तरी वेगळं ठेवा.

आणि एक कोणी सांगत नाही ते. या नावांना सगळ्यात जास्त हाका तुम्ही मारणार नाही, त्या दोघी मारणार. आणि बोबड्या वयापासून मारणार. ‘र’ आणि जोडाक्षरं मुलांच्या तोंडात उशिरा बसतात. आमच्या मुलीला भावाचं नाव म्हणता येईना, तिने जे काही म्हटलं तेच आज त्याचं घरातलं नाव आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते नाव बहिणीने ठेवलेलं असतं.

अक्षरजुळणी

राधा–धाराची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. राधा उलटं वाचलं की धारा होतं. आरशातल्यासारख्या जुळ्या मुलींना यापेक्षा सुंदर जोडी मला माहीत नाही, आणि दोन्ही नावं आपापल्या जागी अर्थपूर्ण आहेत. असं साधणं कठीण असतं. नदी उलटवून बघा, ‘दीन’ होतं.

कोजागर

जोडी सुंदर आहे, मान्य. पण पाच वेळा भरभर म्हणून बघा: राधाराधाराधा… कुठली कुठे संपली?

अक्षरजुळणी

म्हटलं. तुमचं बरोबर आहे. कागदावर ठेवण्यासारखी जोडी आहे, पाळण्यात नाही.

दोन_पाळणे

तुम्हा सगळ्यांचे आभार. आज दोघींची नळी काढली, आता तोंडाने दूध घेतायत.

जुळ्यातली_एक, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. रिया–सिया आणि ऋद्धी–सिद्धी यादीतून काढली.

निशा–उषाकडे मात्र मन पुन्हा पुन्हा जातं. स्वर वेगळे आहेत, आद्याक्षरं वेगळी आहेत. दोन तारखांची गोष्ट त्यात आहे.

उंबरठा

तुम्हाला खुपतंय ते काय, मी सांगू शकेन असं वाटतं.

मी आणि माझी बहीण जुळ्या नाही, दीड वर्षाचं अंतर आहे. माझं नाव रात्रीचं, तिचं उजेडाचं. ठेवणाऱ्यांनी प्रेमाने ठेवली. पण ती उजळ होती आणि मी सावळी, आणि नावांनी लोकांच्या हातात आयतं वाक्य दिलं. ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. म्हणणारा दर वेळी हसायचा, जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलंय.

जुळ्यांची तुलना तशीही होणारच: कोण आधी चालली, कोण जास्त बोलते, कोण हुशार. दोन नावं एकमेकींच्या विरुद्ध ठेवलीत की त्या तुलनेला तुम्ही स्वतः दोन टोकं दिलीत. एक गोड म्हटली की दुसरी काय उरते? छाया–प्रकाश, धरती–आकाश, सगळ्या जोड्यांना मी हाच प्रश्न विचारते: यातलं एक नाव दुसऱ्याहून कमी आहे का? मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी हा हिशेब बरोबर मांडतात.

शब्दवेडी

उंबरठा, तुमच्या अनुभवापुढे शब्दकोश ठेवणं मला बरं वाटत नाही, लोकांनी बोललेलं कोशाने पुसलं जात नाही. तरी एक गोष्ट सांगायची आहे, कदाचित तुमच्यासाठीसुद्धा.

रात्र म्हणजे कमी, हे फार नंतरचं. ऋग्वेदात रात्रीचं स्वतंत्र सूक्त आहे, दहाव्या मंडलातलं १२७वं. तिथली रात्र काळी नाही. ती असंख्य डोळ्यांनी बघत येते, आणि आपल्या तेजाने अंधाराला मागे सारते. म्हणजे अंधार वेगळा आणि रात्र वेगळी, रात्र ही चांदण्यांची. आणि उषा तिची बहीण आहे.

त्या दोन बहिणींवर पहिल्या मंडलातल्या ११३व्या सूक्तात एक ऋचा आहे. तिचा आशय असा: या दोन बहिणींची वाट एकच आहे आणि तिला अंत नाही; एकीमागून एक त्या चालतात; एकमेकींच्या आड येत नाहीत, थांबतही नाहीत; रूपं वेगळी, मन एक. मला हे वाचताना दर वेळी वाटतं, बहिणींबद्दल याहून चांगलं काही लिहिलं गेलेलं नाही. त्या कधीच एका खोलीत नसतात, जुळ्यातली_एक यांनी म्हटलं तसं, आणि तरी एकमेकींच्या असतात.

एक सावधगिरी. त्या ऋचेत दोघींना ‘विरूप’ म्हटलंय. संस्कृतात तिथे अर्थ आहे वेगवेगळ्या रूपांच्या. मराठीत तोच शब्द कुरूप होऊन बसलाय. नावाचा अर्थ बघताना मूळ भाषेत बघाच, पण ज्या भाषेत ते रोज उच्चारलं जाणार त्या भाषेत आधी बघा.

आता माझा मुद्दा. रात्रीसाठी निशा हा एकच शब्द नाही. यामिनी, रजनी, शर्वरी, क्षणदा, विभावरी. यातल्या विभावरीची गोष्ट ऐका. ‘वि’ आणि ‘भा’, म्हणजे झळकणं, तिथून हा शब्द आला: झळकणारी. ऋग्वेदात ‘विभावरी’ म्हणून उषेला हाक मारली आहे, पहाटेला! पुढच्या संस्कृतात तोच शब्द रात्रीचा झाला, चांदण्यांनी झळकणाऱ्या रात्रीचा. म्हणजे एकाच शब्दाने दोन्ही बहिणींचं घर पाहिलंय. या नावाच्या मुलीला कोणी ‘अंधाराची’ म्हणालं तर त्याला शब्दच माहीत नाही एवढंच सिद्ध होईल.

उंबरठा

माझं नाव विभावरी नाही, पण तुम्ही वर दिलेल्या यादीतलं एक आहे. चव्वेचाळीस वर्षांत त्याबद्दल असं कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद, मनापासून.

सांजवात

एवढंच लिहिते. आमचे जुळे मुलगे होते. त्यातला एक सातव्या महिन्यात गेला. नावं जोडीची होती, एक म्हटलं की दुसरं आपोआप ओठांवर यावं अशी. राहिलेल्याला हाक मारली की वाक्य अर्धवट राहिल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांनी आम्ही त्याचं नाव बदललं. कायद्याने नाही, फक्त घरात. आता तो त्याच नावाने मोठा होतोय, आणि दुसऱ्याचं नाव आम्ही वेगळं, त्याचं त्याचं म्हणून घेतो.

तुमच्या मुली शंभर वर्षं जगोत. घाबरवायचं नाही. नावं प्रत्येकीची तिची असू द्यात, एवढंच.

दोन_पाळणे

सांजवात ताई, तुमचा हात हातात घ्यावासा वाटतोय.

जुळ्यातली_एक

मलाही.

कोजागर

मध्येच एक सूचना, शोधून शोधून दमलेल्यांसाठी. नावांच्या संकेतस्थळांवरचे अर्थ डोळे मिटून घेऊ नका. ‘आरव’ या नावाचा अर्थ कित्येक ठिकाणी ‘शांत’ असा देतात. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. नाव छानच आहे, आणि नवजात बाळाला तर अगदी शोभतं, पण मुलगा मोठा होऊन कोश उघडेल तेव्हा त्याला ऐकीव गोष्ट सांगितलेली नसावी. अर्थ संस्कृत असेल तर संस्कृत कोशात बघावा, फारसी किंवा अरबी असेल तर त्या भाषेच्या कोशात.

ओवी

मुलांना विचारलं. एक म्हणाला, “मला आवडतं.” दुसरा म्हणाला, “मला पण, पण नेहमी त्याचं आधी घेतात.” मी म्हटलं, असं कुठे? आणि मग घरातले सगळे आवाज आठवले. खरंच, तेरा वर्षं आम्ही एकाच क्रमाने हाक मारतोय. तो क्रम कोणी ठरवला मला माहीत नाही.

शब्दवेडी

ओवी, त्या दुसऱ्याने फार मोलाची गोष्ट सांगितली. क्रम बऱ्याचदा कानच ठरवतो. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अल्पाच्तरम्’, २.२.३४: समासात दोन शब्द जोडताना ज्यात स्वर कमी तो आधी. त्याने नियम घालून दिला, पण तोंडालाही तेच सोपं जातं. आखूड आधी, लांब मागून. तुमच्या दोघांच्या नावांत एक आखूड आहे का बघा.

दुसरा नियम थोरल्याचा, मोठ्या भावाचं नाव आधी. पण रूढी या नियमाला जुमानतेच असं नाही. आपण ‘लव-कुश’ म्हणतो ना? वाल्मीकी रामायणात थोरला कुश आहे. दर्भाच्या अग्रांनी ज्याला पुसलं तो कुश, आणि मागून जन्मलेल्याला खालच्या भागाने, लवाने, पुसलं तो लव. तरी मराठीत धाकटाच पुढे.

ओवी

हो, एक दोन अक्षरी आहे, एक तीन अक्षरी. आजपासून एक दिवस याचं आधी, एक दिवस त्याचं. दुसऱ्याने स्वतः वेळापत्रक करून दाराला लावलंय.

दोन_पाळणे

धागा वर काढतेय, कारण ठरलं!

काल रात्री दोघींच्या पेट्यांसमोर बसून आम्ही नावं हळू आवाजात म्हटली. आधी एकीच्या पेटीशी फक्त एक, मग दुसरीच्या पेटीशी फक्त एक. एकत्र म्हटली नाहीत, मुद्दाम.

थोरली विभावरी. धाकटी उषा.

उषा हे नाव जुनं वाटेल अशी नवऱ्याला धास्ती होती. त्याच्या आत्याचं नाव उषा होतं. पण मग तोच म्हणाला की वर्गात त्या नावाची दुसरी कोणी नसेल, आणि तिला ‘उषा कुठली?’ असं विचारावं लागणार नाही. दाराआडची परीक्षाही झाली. ‘उषा’ आणि ‘विभावरी’ यांत घोटाळा करायचा म्हटलं तरी होत नाही.

उंबरठा ताईंचा प्रश्न आम्ही विचारला, यातलं एक नाव दुसऱ्याहून कमी आहे का. आम्हाला नाही वाटत. रात्र–पहाट असं कोणाला सांगणारही नाही आहोत. एक नाव पुढे करून दुसरं ओळखता येत नाही, हे मला सगळ्यात आवडलंय. विचारलं तर गोष्ट सांगू, नाही विचारलं तर ती आमच्यात राहील.

आणि ओवी ताईंच्या धाकट्यामुळे सुचलं ते: विभावरी १५ मिनिटांनी मोठी, पण उषा दोन अक्षरी. म्हणजे मोठेपण एकीला आणि पहिली हाक दुसरीला.

आज सकाळी ‘बाळ १’ आणि ‘बाळ २’चे कागद काढले. मला तेव्हा रडू आवरेना, तर परिचारिकाताई पेन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “तुम्हीच लिहा.”

जुळ्यातली_एक

उषाला तिच्या नावाने आणि विभावरीला तिच्या नावाने, दोन वेगळे आशीर्वाद.

कोजागर

अभिनंदन! एक काळजी घ्या. जुळी म्हटली की कागद भरणारा माणूस दोन्हीकडे एकच तारीख घालतो, किंवा तुमची वेगळी तारीख चूक समजून ‘दुरुस्त’ करतो. सही करण्याआधी दोन्ही कागदांवरच्या तारखा आणि वेळा मोठ्याने वाचा.

शब्दवेडी

आणि स्पेलिंग बघा, मराठीतलंही. विभावरीत ‘वि’ पहिली, ‘री’ दुसरी. उषाचा ‘उ’ ऱ्हस्व आणि ‘षा’ पोटफोड्या ष-चा.

दोन_पाळणे

वाचलं, तपासलं. ‘विभावरी’ बरोबर आहे. उषाचा मी घाईत ‘उशा’ लिहिला होता. आत्ता जाऊन बदलून येते.